लिगाडे मास्तरांना खो कुणी दिला

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी की तेव्हा बोरखडकला एसटी दिवसातून एकदाच यायची, आणि तीही ड्रायव्हरच्या मनात असेल तर. नसेल तर तो फाट्यावरूनच गाडी वळवायचा आणि बोरखडकची माणसं तिच्या धुरळ्याकडे बघत उभी राहायची. त्या काळात गावच्या माळावर एक हायस्कूल निघालं, आणि मुलांना खेळ शिकवायला धोंडिराम लिगाडे नावाचे मास्तर आले.

ते कुठून आले, हे नीट सांगणारं आज कुणी नाही. कोणी म्हणतं नदीपलीकडून, कोणी म्हणतं कोल्हापूरच्या एका तालमीतून. त्यांच्यामागं आईबाप, भाऊबहीण कुणी होतं का, तेही ठाऊक नाही. एवढंच सांगतात की त्या दिवशी एसटी फाट्यावरूनच वळली, तेव्हा मास्तर खाली उतरले, पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली आणि पळत सुटले. गाडी पुढच्या गावाला पोचायच्या आत मास्तर बोरखडकच्या पारावर बसून पाणी पीत होते, असं म्हणतात.

माळ म्हणजे नुसता खडक आणि बोरीची काटेरी झुडपं. गुरंसुद्धा तिथं नाइलाजानं चरायची. मास्तरांनी खाकी चड्डी चढवली, गळ्यात शिट्टी अडकवली आणि दगड वेचायला घेतले. त्यांनी वेचलेल्या दगडांचा बांध अजून मैदानाभोवती उभा आहे. तुम्ही गेलात तर बघा, त्यातला एकेक धोंडा बैलजोडीला हलणार नाही. एकट्या माणसानं ते हलवले कसे असं विचारलं, तर म्हातारी माणसं सांगतात की मास्तर शिट्टी फुंकायचे आणि धोंडे आपणहून बाजूला सरकायचे. आता दगड ते दगड, त्यांना शिट्टीचं काय कळतं? पण ज्यांनी ती शिट्टी ऐकली होती ती माणसं हे सांगताना इतकी गंभीर होतात, की समोरच्याला हसायचा धीर होत नाही.

मैदान तयार झालं, पण आखायला चुना कुठून आणायचा? मास्तरांनी मुलांना सांगितलं, रोज सकाळी येताना घरच्या चुलीतली मूठभर राख आणा. झालं, गावातल्या बायका खवळल्या. राखेनं भांडी घासायची असतात. एक जण तर परात घेऊनच शाळेत आली.

"मास्तर, आमची राख तुमी नेली. आता भांडी काय तुमच्या डोस्क्यानं घासू व्हय?"

"घासा की," मास्तर म्हणाले आणि त्यांनी तिच्यापुढं डोकं वाकवलं. डोक्यावर केस नव्हतेच फारसे. बाईला हसू आवरेना. दुसऱ्या दिवसापासून तिच्या पोरानं दोन मुठी राख आणायला सुरुवात केली. अशी गावातल्या प्रत्येक चुलीची राख मैदानावर पडू लागली, आणि कितीही वारा सुटला तरी मास्तरांनी ओढलेली रेघ हलायची नाही, असं म्हणतात.

मास्तर शिकवायचे खो-खो. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन खांबांच्या मधे एका ओळीत आखलेल्या आठ चौकोनांत आठ गडी उकिडवे बसतात, एकाचं तोंड इकडं तर दुसऱ्याचं तिकडं. नववा गडी पळणाऱ्यांच्या पाठी लागतो. त्याला वाटलं की तो एखाद्या बसलेल्या गड्याच्या मागून येतो, त्याच्या पाठीला हात लावतो आणि म्हणतो, खो. लगेच बसलेला उठतो आणि पळतो, आणि खो देणारा त्याच्या जागी बसतो. एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागं वळायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. उठलात तर फाऊल. मास्तर मुलांना सांगायचे, "मागं कोण येतंय ते बघायचं नाही. हात पाठीवर पडेपर्यंत बसून राहायचं. पळणं कुणालाही येतं. बसणं शिका."

स्वतः मास्तरांना मात्र मागं बघायची गरजच नव्हती. ते डोळे मिटून चौकोनात बसायचे, आणि मागून येणारं पाऊल कुणाचं हे पहिल्या दोन ढांगांत सांगायचे. पोरं चप्पल घालून यायची, अनवाणी यायची, एकमेकांच्या पाठुंगळी बसूनसुद्धा यायची. मास्तर खालचं नाव सांगायचे आणि वरचंही. एकदा मागून गाढव सोडलं, तर मास्तरांनी गाढवाच्या मालकाचं नाव सांगितलं, असं म्हणतात.

आता बोरखडकचं दुःख काय, ते ऐका. त्या भागातली जमीन कुणाला पोटभर देत नाही. म्हणून तिकडची माणसं गलाईच्या धंद्यात शिरली. गलाई म्हणजे जुने दागिने भट्टीत आटवून सोनं शुद्ध करायचं. ते काम करायला ही माणसं कुठल्या कुठं जातात. केरळात जातात, बंगालात जातात, जिथं आपली भाषा कुणाच्या कानावरून गेलेली नाही तिथं जाऊन भट्टी मांडतात. पोरगं मिसरूड फुटायला आलं की त्याचा मामा किंवा चुलता येतो आणि त्याला घेऊन जातो. म्हणजे मास्तरांनी पोरगं घडवायचं, त्याच्या पायात वारं भरायचं, आणि ते खेळायला लागलं रे लागलं की त्यानं एसटीत बसून निघून जायचं.

पहिला गेला तो मल्हारी. मास्तरांचा पहिला हुकमी गडी. स्पर्धा तोंडावर आली होती आणि त्रिचूरहून त्याचा मामा दारात येऊन उभा राहिला. मल्हारी घरातून पळाला तो मैदानावर आला आणि खांबाला मिठी मारून बसला. आईनं ओढला, मामानं ओढला, मिठी सुटेना.

"मला न्हाई जायाचं. माज्या जागंवर कोन बसंल?" एवढंच तो म्हणत होता.

मास्तर जवळ आले. त्यांनी मल्हारीला कडेच्या चौकोनात, त्याच्या नेहमीच्या जागी बसवलं. मग ते मागून चालत आले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "खो." मल्हारी उठला. उठलाच, सवयच होती. आणि मास्तर त्याच्या जागी बसले.

"जा. तुझ्या जागी मी बसलोय. मागं वळायचं नाही."

मल्हारी पळत जाऊन एसटीत बसला. त्यानं मागं पाहिलं नाही, आणि पुढं कितीतरी वर्षं तो गावाकडं आला नाही. मास्तर तो दिवस मावळेपर्यंत त्या चौकोनात बसून होते.

तेव्हापासून ती रीतच पडली. गाव सोडणारं पोरगं आधी मैदानावर यायचं. पाठमोरं बसायचं, मास्तर खो द्यायचे, ते उठून जायचं आणि मास्तर त्याच्या जागी बसायचे. जाणाऱ्याला बरं वाटायचं. आपली जागा रिकामी नाही, कुणीतरी ती धरून आहे, एवढ्यावर माणूस परक्या मुलखात दिवस काढू शकतो. राहणाऱ्याचं काय होतं, हे कुणी विचारलं नाही. संध्याकाळी शाळा सुटून सगळे घरी गेले की मास्तर मैदानावर यायचे आणि गेलेल्या एकेका पोराच्या जागी बसायचे. आज मल्हारीची जागा, उद्या दुसऱ्या कुणाची. गावातले लोक बांधावरून बघायचे आणि म्हणायचे, मास्तरला जरा लागिर झालंय.

शाळेमागच्या खोलीत मास्तर एकटे राहायचे. एक ताट, एक तांब्या, एक चूल. भाकरी त्यांना कधीच नीट जमली नाही. कडा जाड आणि मधे जळलेली अशी ती भाकरी ते उभ्यानं खायचे, कारण समोर कुणी नसताना मांडी घालून जेवायला बसायचा त्यांना कंटाळा यायचा.

पोरं टिकेनात, तेव्हा मास्तरांनी मुलींचा संघ काढला. गावात पुन्हा बोंब झाली. हौसा नावाची एक मुलगी होती, हरणासारखी चपळ. तिची आई म्हणाली, "मास्तर, पोरगी पळाया शिकली तर सासरहून बी पळंल."

"पळाली तर आधी सासू दमेल, मावशी," मास्तर म्हणाले. "तिला धरायला कुणी जन्मलंय का?"

हौसाला खरंच कुणी धरू शकत नव्हतं. लहानपणी उजव्या टाचेत काटा मोडला होता म्हणून तिचं डावं पाऊल जरा जोरात पडायचं. पळताना धप्प-टप, धप्प-टप असा आवाज यायचा. तो आवाज आला की समोरचा गडी बाद झालाच म्हणून समजा. ती पुढून गेल्यावर धूळ उडायची, तोवर ती दुसऱ्या खांबाला पोचलेली असायची, असं म्हणतात.

तालुक्याच्या गावी सामने व्हायचे तेव्हा तिथं वेळ लावायला शशिकलाबाई नावाच्या शिक्षिका असायच्या. लवकर विधवा झालेल्या, शांत, हातात मोठं घड्याळ घेऊन मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या. दरवर्षी सामने, दरवर्षी दोन-चार शब्द. असं करता करता काही वर्षं गेली. मग एकदा सामना संपल्यावर, घड्याळ पिशवीत ठेवता ठेवता बाई म्हणाल्या, "वडिलांना आता दिसत नाही. त्यांना सोडून मला कुठं येता येत नाही. आमच्या शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा निघाली आहे. तुम्हाला येता येईल का?"

मास्तरांना कळायला थोडा वेळ लागला की बाई नुसत्या नोकरीबद्दल बोलत नाहीत. कळलं तेव्हा त्यांचे कान तापले.

"विचारून सांगतो," ते म्हणाले.

"कुणाला विचारणार?"

खरंच, विचारायचं कुणाला? त्यांना तर कुणीच नव्हतं. बाई पहिल्यांदाच मोकळेपणानं हसल्या, आणि मास्तरही हसले. परतीच्या वाटेवर एसटीत मुली गात होत्या, आणि मास्तर खिडकीला डोकं टेकून बसले होते. समोर कुणीतरी बसलंय आणि आपण मांडी घालून जेवतोय, एवढंच त्यांना सारखं दिसत होतं. त्यांनी आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं.

त्यांनी गावाला सांगितलं की माझी बदली झाली. शशिकलाबाईंबद्दल अवाक्षर काढलं नाही, लाजले. जायचा दिवस ठरला. सकाळी पेटी एसटीच्या टपावर चढली आणि मास्तर मैदानावर आले. सगळा गाव बांधावर उभा होता. मास्तर मल्हारीच्या जागी, कडेच्या चौकोनात पाठमोरे बसले.

"आजवर मी सगळ्यांना खो दिला," ते म्हणाले. "आज मला द्या. म्हणजे मी जाईन."

कुणी हललं नाही. पोरं एकमेकांकडं बघत राहिली. मग मास्तरांना मागून पावलं ऐकू आली. धप्प-टप, धप्प-टप. हौसा. मास्तरांनी पाठ सैल सोडली. पावलं अगदी पाठीशी येऊन थांबली. तिचा श्वास त्यांच्या मानेवर लागत होता. हात उचलल्याचं त्यांना जाणवलं, बांगड्या किणकिणल्या. मग बांगड्या पुन्हा वाजल्या, हात खाली गेला, आणि पावलं त्यांच्या बाजूनं पुढं निघून गेली. धप्प-टप, धप्प-टप, पार दुसऱ्या खांबापर्यंत.

तिच्यानंतर दुसरी आली, थांबली आणि पुढं गेली. मग तिसरी. मग एकेक करून सगळी आली. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पण पोरांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती मास्तरांनीच शिकवली होती. खो मिळाला नाही तर मास्तर उठणार नाहीत. उठले नाहीत तर जाणार नाहीत. दुनियेत दुसऱ्या कुठल्याही गावच्या पोरांनी मास्तरांचे पाय धरले असते, गळ्यात पडून रडली असती. बोरखडकच्या पोरांनी फक्त हात आखडला.

एसटीनं दोनदा भोंगा दिला. मास्तर बसूनच. उठता आलं असतं. कुणी बांधून ठेवलं नव्हतं, आणि सरपंच तर ओरडून सांगत होते, "आवं मास्तर, पोरखेळ हाय ह्यो, उठा की!" पण आपण आत्ता उठलो तर भट्टीपुढं बसलेल्या त्या सगळ्या पोरांना आपण काय सांगितलं होतं, असं मास्तरांच्या मनात आलं. एसटी सुटली. धुरळा आला आणि त्यांच्या अंगावर बसला. तेव्हा कुठं मुलींनी गलका केला आणि त्या नाचायला लागल्या, कारण मास्तर राहिले होते. मास्तरांचा चेहरा कुणाला दिसला नाही, ते पाठमोरे होते.

माणूस राहिला, पण पेटी टपावरून गेली. तालुक्याच्या स्टँडवर शशिकलाबाई उभ्या होत्या. कंडक्टरनं पेटी खाली उतरवली आणि त्या उतरणाऱ्या माणसांकडं बघत राहिल्या. शेवटचा माणूस उतरला. गाडी धुवायला नेली, तरी त्या पेटीशेजारी उभ्या होत्या, असं म्हणतात. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं पेटी बोरखडकला परत आली. जुनी सुतळी जाऊन तिला नवी बांधलेली होती, गाठ नीट आवळलेली होती. बाकी काही निरोप नव्हता.

त्या साली बोरखडकच्या मुलींनी तालुका जिंकला. हौसानं असा खेळ केला की पंच शिट्टी फुंकायला विसरला. मुली मास्तरांना खांद्यावर घ्यायला धावल्या, पण मास्तर मैदानाच्या कडेला गेले होते. तिथं शशिकलाबाई घड्याळाला किल्ली देत होत्या.

"पेटी मिळाली ना?" त्यांनी विचारलं.

"मिळाली."

"सुतळी कुजली होती. नवी बांधली."

"दिसली," मास्तर म्हणाले.

एवढंच बोलणं झालं. पुढच्या वर्षी वेळ लावायला दुसरंच कुणीतरी आलं. बाई वडिलांना घेऊन कुठं गेल्या ते मास्तरांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी सांगणारं कुणी नव्हतं.

हौसाचं लग्न झालं, नवरा गलाईवाला, जायचं पार त्रिचूरला. हिरवा चुडा भरून ती मैदानावर आली आणि चौकोनात पाठमोरी बसली. तिच्या पाठीचे मणके ताठ झाले होते. तोवर तिलाही थोडंफार कळलं होतं. बाईमाणूस झाली होती, तालुक्याला गेली तेव्हा दोघांना बोलताना तिनं पाहिलं होतं. आता मास्तरांच्या हातात राग असेल, की मास्तर बाजूनं निघून जातील, याची ती वाट बघत होती. मास्तरांना ते मागूनही दिसलं. त्यांनी हात मुद्दाम हलका केला, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवतात तसा, आणि म्हणाले, "खो, हौसे." ती उठून गेली, आणि मास्तर तिच्या जागी बसले.

मग वर्षांमागून वर्षं गेली. घरं पडली नाहीत, उलट मोठी झाली. गलाईच्या पैशानं गावात माड्या उठल्या, रंगीत काचा बसल्या, आणि सगळ्यांना बाहेरून कुलपं लागली. चैत्रात यात्रेपुरती कुलपं निघायची. गाड्या यायच्या, पोरंबाळं यायची. जो तो मास्तरांना भेटायला जायचा. शाल घालायचे, पेढे द्यायचे, म्हणायचे, "मास्तर, एकदा आमच्याकडं या की." पाया सगळे पडायचे. पाठीला हात लावणारं कुणी नव्हतं. यात्रा संपली की पुन्हा कुलपं लागायची.

चुली कमी झाल्या तशी राखही कमी झाली. आधी मैदानाच्या रेघा पुसट झाल्या, मग बाहेरच्या रेघा गेल्या, मग नुसते मधले चौकोन उरले. शाळेत नऊ मुलं जमेनात. मास्तर केव्हाच निवृत्त झाले होते, पण गेले कुठंच नाहीत. शेवटी शेवटी त्यांच्याकडं फक्त स्वतःच्या चुलीची राख होती. एका चुलीची राख ती किती? तिच्यात रोज एकच चौकोन व्हायचा. मास्तर तो आखायचे आणि त्यात बसायचे. कुणाच्या जागी बसलाय असं गुराखी विचारायचे, तर मास्तर नाव सांगायचे. नावं संपतच नव्हती. पण कोणी जवळून गेलं, मागून पाऊल वाजलं, की त्यांची पाठ आपोआप सैल व्हायची. पाऊल पुढं निघून जायचं. कधी पाऊल नसायचं, बोरीच्या झुडपात वारा असायचा. तरीसुद्धा पाठ सैल व्हायची, असं म्हणतात.

एका वर्षी दसरा होऊन गेल्यावर, यात्रा नाही, सण नाही, अशा भर दुपारी एसटीतून एक म्हातारी उतरली. पांढरे केस, कपाळ मोकळं. तिनं आपल्या बंद घराचं कुलूप काढलं, जाळीजळमटं बाजूला सारली आणि चूल पेटवली. बऱ्याच वर्षांनी त्या घरातून धूर निघाला. चूल विझल्यावर तिनं गरम राख पदरात घेतली आणि ती माळाकडं निघाली.

मास्तर चौकोनात बसले होते. तोंड मावळतीकडं, डोळे मिटलेले. त्यांना डोळ्यांनी आता दिसतही नव्हतं फारसं. मागून पावलं आली. फार हळू, मधेच थांबत, दम खात. पण डावं पाऊल जरा जोरात पडत होतं. धप्प, टप. धप्प, टप. पावलं पाठीशी येऊन थांबली. श्वास मानेला लागला.

मास्तरांनी पाठ सैल सोडली.

"हौसे," ते म्हणाले, "आता तरी पुढं जाऊ नको बाई."

"न्हाई जात, मास्तर," ती म्हणाली. तिला रडू आवरेना. "लई उशीर झाला."

"खेळ चालू आहे तोवर उशीर नसतो. दे."

तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. राखेनं भरलेला, उबदार हात. किती वर्षांनी कुणाचा तरी हात त्या पाठीवर पडत होता. मास्तरांनी तो क्षणभर तसाच राहू दिला. मग ती म्हणाली, "खो."

पुढं काय झालं, ते दोन तऱ्हांनी सांगतात. काही म्हणतात, मास्तरांनी मान खाली घातली आणि बसल्या जागीच सगळं संपलं. गावात शहाणी म्हणवणारी माणसं असं सांगतात. पण गुरं राखणाऱ्यांनी पाहिलं ते वेगळं. मास्तर उठले. उठताना त्यांचे गुडघे वाजले नाहीत. त्यांनी पहिली ढांग म्हाताऱ्यासारखी टाकली, दुसरी जरा मोठी, तिसरी त्याहून मोठी, आणि मग खाकी चड्डीतला तो जवान गडी खांबाला वळसा घालून, बांधावरून उडी मारून, तालुक्याच्या रस्त्याला लागला. मागं वळून पाहिलं नाही. मैदानावर राख सांडली होती, तिच्यात पावलांचे ठसे होते, प्रत्येक ठसा आधीच्यापेक्षा लांब. बांधापलीकडं नुसतं गवत होतं, आणि तेही वाकलेलं नव्हतं, असं म्हणतात.

हौसाबाई चौकोनात बसली. खो देणाऱ्यानं उठलेल्याच्या जागी बसायचं असतं. ती पुन्हा त्रिचूरला गेलीच नाही. लेकरं न्यायला आली तर म्हणाली, "मला कुनी खो दिलेला न्हाई अजून." तिची चूल पेटलेली बघून आणखी दोन म्हाताऱ्या परत आल्या, मग एक दमलेला गलाईवाला आला, त्याच्या मागून त्याची नातवंडं आली. मैदान हळूहळू पुन्हा आखलं जाऊ लागलं.

आजही चैत्रातल्या यात्रेला गलाईवाले देशभरातून येतात, तेव्हा प्रत्येकजण आपल्या भट्टीतली मूठभर राख रुमालात बांधून आणतो. सगळी राख एकत्र करतात आणि तिनं मैदान आखतात. गाव सोडणारा अजूनही चौकोनात बसतो आणि गावात राहणारा त्याला खो देतो. पण कडेचा चौकोन, तो मल्हारीचा, त्या दिवसापुरता मोकळा ठेवतात. तिथं कुणी बसत नाही.

आणि एक गोष्ट बोरखडकात रोजच्या रोज घडते, तिला यात्रा लागत नाही. पारावर, पायरीवर, बांधावर, कुठंही एखादं माणूस पाठमोरं, एकटं बसलेलं दिसलं, तर मागून येणारा तसाच पुढं जात नाही. ओळख असो, नसो. तो थांबतो, पाठीवर हात ठेवतो आणि हळूच म्हणतो, खो. बसलेलं माणूस उठलं तर दोघं मिळून चालू लागतात. नाही उठलं, तर मागचा त्याच्या शेजारी टेकतो.

बाहेरच्या माणसाला हे जरा चमत्कारिक वाटतं. तो विचारतो, ही काय रीत? तेव्हा बोरखडकातलं कोणीतरी सांगतं, "एकदा आमच्या गावानं लिगाडे मास्तरास्नी वाट बघाया लावली हुती. पुन्यांदा कुनाला लावायची न्हाई."